सातशे बारा सूर

गांधीबाग, नागपूर
७ ऑगस्ट १९८३

शामलाताई,

नमस्कार. भाऊजींची आणि पोरीची खुशाली पत्राच्या शेवटी विचारीन, कारण सांगायची गोष्ट मोठी आहे आणि पोटात राहत नाही. गिटारचा सोलो बसला. सीताबर्डीच्या दुकानातून भरून आणलेल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यातला, तोच, ज्याच्यापुढे इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी हात टेकले. सातशे बारा सूर आहेत. मी ते मोजले आणि चौकटीच्या वहीत एकेक करून उतरवून घेतले. आठ महिने लागले. दुपारी बापूजी जेवून आडवे झाले की दुकानावरच्या माळ्यात, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून घासला. आता एकही सूर गळत नाही.

नागपुरात हे ऐकायला माणूस नाही, म्हणून तुला लिहितो. इथे गिटार वाजवतात ते लग्नातले ऑर्केस्ट्रावाले. पांढरे बूट घालायचे, सिनेमाचं गाणं धरायचं आणि दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करायचं. लोक म्हणतात, काय जीव ओतून वाजवतो! जीव ओततो कारण बोटं चालत नाहीत. आणि आपला देवराव त्यांच्याहून वेगळा नाही. बँड त्याने काढला, 'ब्लॅक कॉटन' हे नाव त्याने दिलं (बापूजी विचारत होते, हा कोणत्या गिरणीचा माल), सगळं मान्य. पण एका सुरावर बोट ठेवून ते ताप भरल्यासारखं थरथरवत बसतो, आणि डोळे मिटतो. डोळे मिटून बोटं चालली असती तर गांधीबागेत दुपारी दोन ते चार सगळे उस्तादच असते.

आता मुद्दा. पंचवीस सप्टेंबरला रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये बँडची स्पर्धा आहे. परीक्षक कलकत्त्याचा आहे. तिथल्या मोठ्या हॉटेलात त्याचा बँड वाजतो आणि त्याला गिटारवाला हवा आहे. बापूजींचं म्हणणं तुला त्यांच्याच शब्दांत सांगतो : "त्यानं नेलं तं जा गा बाप्पा, मी अडवत नाई. नाई नेलं तं दसऱ्यापासून गादीवर बसाचं, अन् ते टणटण बंद." म्हणजे एक संध्याकाळ, आणि तिच्यावर माझा जन्म. अशा वेळी मला देवरावची भावना परवडत नाही. दोन गिटारं आहेत, त्यातलं एक अडखळतं. काय करायचं ते मी ठरवलं आहे.

भाऊजींच्या मित्राने परदेशातून आणलेली मूळ रेकॉर्डची प्लेट तुमच्याकडे आहे. मी माझं वाजवलेलं कॅसेटवर भरून पाठवीन. तू प्लेटशी ताडून बघ आणि कुठे केसाचाही फरक असला तर कळव. असणार नाही.

सगळ्यांना नमस्कार. पोरीचे दात आले का?

रुपराव


भिलाई
१५ ऑगस्ट १९८३

चि. उस्ताद रुपराव यांस,

आशीर्वाद द्यावा की नजराणा पाठवावा, हे न कळल्यामुळे दोन्ही राहू दिले.

सातशे बारा! सातशे तेरावा कुठे सांडला? आमच्या शेजारच्या कांताबाई एका दुपारी दीडशे पापड लाटतात, सगळे एकसारखे, एकाची कड दुसऱ्यापेक्षा जाड नाही. त्यांना कलकत्त्याहून कोणी बघायला येत नाही. आणि त्यांचे पापड निदान तळून खाता येतात.

तुला पहिले तीन सूर मी शिकवले हे तू विसरलास, ते ठीक, विद्या मोठी झाली की गुरू लहान दिसतो. पण आमच्याकडे, तुझ्या मावशीच्या घरी, तू आणि देवराव एकाच सतरंजीवर बसायचात ते मी विसरलेली नाही. देवराव वाजवायला लागला की मी हातातली पोळी टाकून बाहेर यायची. तू वाजवायला लागलास की माझी आई म्हणायची, "त्या पोट्ट्याले सांग वं, कोनी मागं लागलं नाई त्याच्या." आईला संगीतातलं काही कळत नव्हतं. तिला माणसातलं कळायचं.

देवरावला काढू नकोस. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही, कारण उस्ताद लोक विनंती ऐकत नाहीत. तुझ्या फायद्याचं म्हणून लिहिते. तो आहे म्हणून तुझ्या बँडला आवाज आहे, नाही तर ते शिवणाचं यंत्र आहे.

माझ्या गिटारचं विचारलं नाहीस. बरं केलंस. पाहुणे आले की ते पलंगाखाली जातं आणि पाहुणे गेले तरी तिथेच असतं.

कॅसेट पाठव. ताडून बघते. कान अजून आहेत.

शामलाताई


गांधीबाग, नागपूर
३० ऑगस्ट १९८३

ताई,

कॅसेट सोबत आहे. टपालवाल्याने वाकवली नाही तर ऐकशील.

तुझी पापडांची उपमा मी ओमप्रकाशला वाचून दाखवली. तो हसून ड्रमवरून पडला. पडो. लग्नाच्या वरातीत ढोल बडवणारा माणूस तो, त्याला हसायला काय लागतं. पण तुम्ही सगळे एक गोष्ट सांगा. दर्जी कोट बिघडवतो तेव्हा "पण शिवताना मन भरून आलं होतं" असं म्हणतो का? आणि म्हणाला तर तुम्ही तो कोट घालता का? मग गिटारवाल्यालाच ही सूट कशाला? भावना म्हणजे ज्याला घासायचं नाही त्याने केलेला सुट्टीचा अर्ज.

देवरावचं झालं. गेल्या रविवारी लकडगंजात, त्याच्या काकाच्या लाकडाच्या टालीत. रविवारी आरा बंद असतो म्हणून आम्ही तिथेच वाजवतो. मी सोलो वाजवला. त्याला खालची साथ धरायची होती, ती त्याची तीनदा सुटली. मग तो गिटार मांडीवर ठेवून म्हणाला, "पाह्य रुपराव, मले वाटते हे गानं इतलं जोरात नसन. मानूस इतल्या घाईत रडत नाई."

मी म्हटलं, "तुले जमत नाई म्हणून तू गाण्यालेच हळू कराले निघाला काय गा?"

मला तो भांडेल असं वाटलं होतं. "हाव, मले जमत नाई," तो म्हणाला. "मंग मी कायले येऊ?" आणि वायर गुंडाळून उठला. ओमप्रकाश नुसता काड्या फिरवत बसला. दारापर्यंत जाऊन देवराव परत फिरला आणि म्हणाला, "अॅम्प्लिफायर राहू दे. तुले लागन." तो त्याने स्वतः जुन्या रेडिओच्या भागांतून बनवलेला. बघ, जातानाही भावना! सरळ उचलून नेला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाकी त्रास म्हणजे तारांचा. सीताबर्डीच्या कॅसेटशी सूर जुळवायला गिटारच्या सगळ्या तारा वर चढवाव्या लागतात, आणि आपल्याकडची तार म्हणजे भाजी बांधायचा दोरा. पातळ तार आठवड्याला तुटते, एकदा गालावर बसली. गाणाऱ्याचाही घसा धरला आहे. म्हणतो, एवढ्या वर कोणा माणसाचा आवाज जात नाही. मी त्याला सांगितलं, विलायतेत जातो. तिथली माणसं मेहनत करतात.

ताडून लवकर लिही. कान असले तर.

रुपराव


भिलाई
१३ सप्टेंबर १९८३

चि. रुपराव यास आशीर्वाद.

कॅसेट नीट मिळाली. ह्यांच्या प्लेटशी ताडून पाहिली, दोनदा. एकही सूर कमी नाही, एकही जास्त नाही, एकही इकडचा तिकडे नाही. हे मी तुला खूश करायला लिहीत नाही, तसं करायची मला सवय नाही हे तू जाणतोस. बोटं खरंच तयार झाली आहेत.

स्पर्धेला जा. जसं बसवलं आहेस तसंच वाजव.

पोरीला ताप आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

शामलाताई


गांधीबाग, नागपूर
२८ सप्टेंबर १९८३

ताई,

पहिला नंबर. तुझं पत्र खिशात ठेवून वाजवलं. तू, जिने जन्मात कधी माझं चांगलं म्हटलं नाही, तिने "बोटं तयार आहेत" लिहावं, याचाच मला जोर आला होता.

हॉल भरलेला. सोलो सुरू झाला आणि पोरं खुर्च्यांवर चढली. संपला तेव्हा इंजिनिअरिंगवाल्यांचा गिटारवाला स्वतः टाळ्या वाजवत होता आणि तोंड असं केलं होतं की कोणी त्याच्या घरून दागिने नेत आहे. देवराव पण आला होता. मागे खांबाला टेकून उभा होता. टाळ्या वाजवल्या की नाही ते मला दिसलं नाही. मी बघत होतो.

इथपर्यंत छान. आता पुढचं ऐक, आणि माझ्या बाजूने ऐक.

कलकत्त्याच्या परीक्षकाने मला दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनजवळच्या त्याच्या लॉजवर बोलावलं. जाडा माणूस. आम्लेट खात होता. म्हणाला, हात फार चांगला आहे, असा हात मी कमी पाहिला. मग म्हणाला, "लेकिन ये गाना आप इतना भगाते काहे हैं? और एक सूर ऊपर?" मी म्हटलं, प्लेटवर असंच आहे. तो हसला. म्हणाला, ही प्लेट माझ्याकडे चार वर्षं आहे, आम्ही ते गाणं रोज वाजवतो. आणि त्याने टेबलावर बोटांनी ताल धरला, बैलगाडीचा, आणि म्हणाला, याच्यावर वाजव.

मी वाजवायला घेतलं. पहिले वीस सूर गेले. मग ताई, दोन सुरांच्या मध्ये जागा राहायला लागली. त्या जागेत हाताने काय करायचं असतं? जोरात वाजवताना ती जागा नसतेच. मी थांबलो की ते थांबणं ऐकू येत होतं. चाळिसाव्या सुराला माझ्या हाताला घाम आला, जोरात वाजवताना कधी येत नाही. त्याने आम्लेट संपवलं, हात पुसले आणि म्हणाला, एक-दोन वर्षांनी भेट. तो दुसऱ्या कोणाला घेणार आहे. गोंदियाचा एक आहे, तिसरा नंबर. तिसरा!

माझं मत असं की हा माणूस ढोंगी आहे. जेवणाऱ्यांच्या घासांबरोबर वाजवून वाजवून त्याचा ताल म्हातारा झाला आणि आता तो म्हणतो गाणंच म्हातारं आहे. तुझ्याकडे प्लेट आहे. घड्याळ लावून बघ आणि गाणं किती मिनिटांचं आहे ते सही करून लिही. माझ्या कॅसेटवर साडेपाच मिनिटं आहे. तुझं पत्र मी सरळ कलकत्त्याला पाठवणार आहे. दसऱ्याला अजून अठरा दिवस आहेत.

रुपराव


भिलाई
७ ऑक्टोबर १९८३

रुपराव,

घड्याळ लावायची गरज नाही, लावून झालं आहे. प्लेटवर ते गाणं सहा मिनिटं दहा सेकंदांचं आहे. ढोंगी कोणी नाही.

मला हे दहा सप्टेंबरलाच कळलं होतं. तुझी कॅसेट आणि आमची प्लेट एकदम सुरू केली. पहिल्या ओळीतच तू पुढे निघून गेलास. हे हसायलाच लागले. म्हणाले, कॅसेट भरून देणारे दुकानदार असंच करतात. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये दोन प्लेटा बसवायच्या आणि गिऱ्हाइकाला शेवटचं गाणं कापलेलं चालत नाही, म्हणून चकती जोरात फिरवायची. गाणं आखडतं आणि आवाज वर चढतो. तुम्ही गांधीबागवाले कापड ओढून मोजता, त्याने गाणं आवळून दिलं. तू आठ महिने दुकानदाराची काटकसर घासत होतास.

मी तुला कळवलं नाही. पोरीला ताप नव्हता.

का कळवलं नाही, ते तू विचारशील त्याआधी लिहिते. देवरावला तू ज्या शब्दांत काढलंस ते वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, जाऊ दे याला असाच, परीक्षकापुढे तोंडघशी पडू दे, त्याशिवाय अक्कल यायची नाही. हे खरं आहे. पण अर्धं आहे. उरलेलं लिहायला मला तीन दिवस लागले.

नागपुरात सदरला मला गिटार शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, शामलाच्या हातात जीव आहे. त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं काढली. बाकीच्या मुली सकाळ-संध्याकाळ सुरांच्या पट्ट्या घोटायच्या आणि मी खिडकीत बसून एक सूर लांबवायची आणि स्वतःवर खूश व्हायची. परीक्षेला सुरावट लिहिलेला कागद समोर आला. सोपा होता. त्या घोटणाऱ्या मुलींनी फडाफड वाजवला आणि माझी बोटं उठली नाहीत. घरी सांगितलं, लग्न ठरतंय म्हणून सोडते. लग्न त्यानंतर वर्षाने ठरलं. तू लिहिलंस ना, भावना म्हणजे सुट्टीचा अर्ज? ते वाचून मी तुला खूप शिव्या दिल्या, कारण तो अर्ज माझ्या हस्ताक्षरातला होता.

तुझी कॅसेट ऐकताना मला तुझी कीव आली असं मी स्वतःला सांगितलं. कीव नव्हती. मत्सर होता. आठ महिने, सातशे बारा सूर, एक चुकलेला नाही. मला आठ दिवसही बसवलं नाही.

त्या दिवशी मी खरं लिहिलं असतं तर तुझ्या हातात बारा दिवस होते. तुझ्यासारख्या माणसाने बारा दिवसांत काहीतरी केलं असतं. ते कलकत्त्याचं माझ्यामुळे गेलं. माफी मागते. दे म्हणत नाही.

शामला


गांधीबाग, नागपूर
२२ नोव्हेंबर १९८३

शामलाताई,

तुझं पत्र मिळालं तेव्हा दसऱ्याला चार दिवस होते. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं आणि दिवाळीचं कार्डही म्हणूनच पाठवलं नाही. आईने विचारलं, काहून गा, शामलाचं काही नाई आलं? मी म्हटलं, तिच्या पोरीले ताप आहे. एवढं तुझ्याकडून शिकलो.

माफी दिलेली नाही. पण बारा दिवसांचा हिशेब मी रोज गादीवर बसून करतो आणि रोज उत्तर वेगळं येतं. खरं सांगू का, तू कळवलं असतंस तर मी मानलंच नसतं. तुला जळकी म्हटलं असतं. आणि ते, तूच लिहितेस त्याप्रमाणे, खरंही निघालं असतं. तेव्हा काही बोलायची सोय नाही.

दसऱ्यापासून गादीवर आहे. दुपारपर्यंत लोकांना लाल रंगातले अकरा लाल दाखवायचे आणि त्यांनी म्हणायचं, यापेक्षा थोडं लाल नाही का. सीताबर्डीच्या त्या कॅसेटवाल्याकडे भांडायला गेलो होतो. तो उलट फुगला. म्हणाला, "भाऊ, बाकीच्यांइकडं जाऊन पाहा, शेवटचं गानं अर्धं कापून देतात. माह्याइथं तुमचं एकबी गानं कापलं काय?" नाही कापलं. धंद्याच्या दृष्टीने माणूस सचोटीचा आहे.

मग एका रविवारी लकडगंजात गेलो. अॅम्प्लिफायर परत करायचं निमित्त. देवराव सागाच्या ओंडक्यांवर खडूने आकडे घालत होता. मी सगळं सांगितलं. चकती, साडेपाच मिनिटं, आम्लेट, तुझं पत्रसुद्धा. म्हटलं, "तूच बरोबर होता. तुले आतून समजलं होतं. मले त्या मधल्या जागेत काय कराचं ते शिकव."

तुला वाटेल तो काही थोर बोलला. त्याने खडू खिशात टाकला आणि म्हणाला, "येड्या, मले काई समजलं नव्हतं. मले जोरात येत नव्हतं म्हणून मी हळू वाजवत होतो. तुम्ही लोकायनं त्याले भावना म्हणलं. फुकट भेटत होतं, मी काहून नाई म्हणू?"

मी तिथे ओंडक्यावर बसलो. महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं, आणि ते आवरेना.

"मंग डोळे काहून मिटत होता गा?"

"बोटं कुठं पडून राहिली ते पाहू वाटत नव्हतं."

मग तो म्हणाला, त्याला तो सोलो यायला हवा आहे. पूर्ण, एकही सूर न सोडता. स्पर्धेच्या दिवशी खांबाला टेकून उभा होता तेव्हा त्याला माझा इतका राग आला होता आणि सोलो इतका हवासा वाटला होता, की तो घरी न जाता तसाच टालीत येऊन बसला होता. "शिकवशील काय?" त्याने विचारलं. हे त्याला मला विचारावं लागलं, आणि ज्या शब्दांत मी त्याला काढलं ते मला आठवलं. मी तेव्हाच माफी मागितली. त्याने "बरं बरं" म्हटलं. मोठेपणा वगैरे नाही, त्याला घाई होती.

तेव्हापासून दर रविवारी बसतो, बापूजींना न सांगता. तारा मी उतरवून मूळ सुरावर आणल्या, एकही तुटलेली नाही. त्याला पट्ट्या घोटायला लावतो, शिव्या देतो, त्याची करंगळी म्हणजे तुटका चमचा आहे. चार रविवारांत चव्वेचाळीस सूर झाले. रीत अशी की मी एक सूर वाजवतो, तो धरून ठेवतो, तोवर देवराव त्याच्या गिटारवर तो शोधतो, आणि त्याला सापडला की मी पुढचा. कधी लगेच सापडतो, कधी फार वेळ लागतो. तोवर माझा सूर सोडून चालत नाही, नाही तर त्याचा धागा तुटतो. मी तो हलवत राहतो, जिवंत ठेवतो, त्याच्या बोटाकडे बघत.

परवा ओमप्रकाश आला. वरात आटोपून, बँडच्या लाल कोटातच. दारात उभा राहून बराच वेळ ऐकत होता. या माणसाने आठ महिने हा सोलो माझ्यामागे बसून ऐकला आहे, हजार वेळा तरी. तो म्हणाला, "हे कोणतं नवीन गानं होय गा?"

मी सूर धरून ठेवला. देवरावचं बोट अजून पोचायचं होतं.

रुपराव